निळ्या कागदावरचा हात

उन्हात कागदावर फोटो उमटवायच्या निळ्या छपाईत धाकटीच्या हाताला यश होतं. म्हणूनच आई तिला म्हणाली, "ताईचा एक मोठा फोटो करून दे गं. चेहरा आठवेनासा झालाय मला."

वीस वर्षांपूर्वी ताई पत्र टाकून येते म्हणून बाहेर पडली होती, ती परत आलीच नाही.

धाकटीने ताईचा जुना फोटो कॉम्प्युटरवर घेतला, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि ती निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापली. रसायनांचा मसाला लावून वाळवलेल्या कागदावर फिल्म, वर काच, चारी बाजूंनी चिमटे. गच्चीवरच्या उन्हात मोजून बारा मिनिटं. मग पाण्याचा ट्रे. पिवळट पाणी निघून गेलं, निळाई उमटली. साडी आली, वेणी आली. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढराफटक तळहात.

पांढरं म्हणजे तिथे ऊन पोचलंच नाही.

"आई, काचेवर हात ठेवला होतास?"

"मी कशाला ठेवू? मी जिन्यात बसलेय मघापासून."

धाकटीने फिल्म उजेडात धरली. चेहरा स्वच्छ होता, डोळ्यांच्या पापण्यांसकट. तिने काच पुसली, नवा कागद लावला आणि या वेळी उन्हात स्वतः पहारा दिला. पक्षी नाही, ढग नाही, कशाची सावली म्हणून पडली नाही.

पाण्यात पुन्हा तोच तळहात. बोटं जरा जास्त फाकलेली.

"तिला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही," आई हळूच म्हणाली. "कॅमेरा दिसला की तोंडावर हात धरायची."

धाकटीचं डोकं चालेना. शाई, काच, मसाला. चूक नेमकी कुठे? शेवटी तिने फिल्म काढूनच टाकली. नुसता कागद, वर काच. आता सगळा कागद निळा व्हायला हवा.

बारा मिनिटं झाली. पाणी पिवळं झालं, मग नितळ.

कागद कोरा निळा होता. कडेपासून कडेपर्यंत.

धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला.

आई ट्रेवर वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"आज हात काढला बघ तिने. केस किती पिकलेत गं."

"आई, यात काहीच नाहीये."

आईने पाण्याला न शिवता बोट थोडं डावीकडे सरकवलं. कपाळाला आठी पडली.

"पण तिच्या शेजारी ही तू कशी? तू तिच्याकडे कधी गेलीस?"