बटनांचं बारसं

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या विश्वजितचा फायदा अगदी सरळ होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जायचं, 'नवं सॉफ्टवेअर मला वापरता येतं' असं लिहिलेल्या कागदावर संयोगिता नावाच्या बाईंची सही घ्यायची, आणि सोमवारी पुण्यात बढतीच्या खुर्चीत बसायचं. सहीला त्यानं दहा मिनिटं धरली होती.

संयोगिताचा हिशेब वेगळा. ती आजऱ्याची, जन्मापासून दिसत नाही. तिचा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं सगळं तिच्या कानात वाचून दाखवतो, आणि त्या जोरावर माल पाठवायचं अख्खं टेबल ती दोन वर्षं एकटी सांभाळत होती. शनिवारपर्यंत नव्या सॉफ्टवेअरवर तिला ट्रकचा गेटपास काढता आला नाही, तर बदली टेलिफोनवर. दिवसभर 'होल्ड करा हं' म्हणत बसायचं!

"सोपं आहे," विश्वजित म्हणाला. "खालचं हिरवं बटन दाबा."

"हिरवं... म्हंजे कसल्या आवाजाचं?"

तो स्क्रीनवर बोटानं दाखवू लागला.

तिनं हेडफोनची वायर उपटली. स्पीकर बोलू लागला – 'बटन. बटन. चित्र. बटन.'

"एकाचंबी नाव ठेवलं न्हाई," ती हसली. "बिनबारशाची पोरं माझ्या पदरात टाकून पावणं पुण्याला निघालं व्हय?"

मग हात लांबवून तिनं स्क्रीनच बंद केला. "आता तुम्ही चालवा."

त्यानं चालवलं. हुबळीचा माल नाशिकला निघाला होता. तिनं वेळीच रद्द करायला लावला.

दहा मिनिटांचे चार दिवस झाले. स्क्रीन बंद ठेवून तो कानानं बटनं शोधायचा, एकेकाला नाव द्यायचा. "आज किती बारशी?" असं विचारत ती डब्यातली ओल्या काजूची उसळ त्याच्याकडे सरकवायची. बुधवारपासून त्यानं पुण्याचं नाव काढलं नव्हतं. हे सगळ्या ऑफिसच्या लक्षात आलं... त्याला सोडून.

गुरुवारी फक्त ट्रकचं एक चित्र उरलं. चित्रामागं लिहिलेला मजकूर डोळ्यांना दिसत नाही, तो आवाज तेवढा वाचतो. विश्वजितनं काहीतरी लिहिलं. संयोगिताच्या कानात पोचलं – 'शनिवारी मिसळ खायला याल?'

तिची बोटं थबकली. ओठांचा एक कोपरा हलला... मग ड्रायव्हरच्या नावाच्या रकान्यात तिनं टाइप केलं – 'बघू की.'

शुक्रवारी ती घरी गेल्यावर त्यानं तो मजकूर बदलला. तिनं सकाळी एकटीनं ऐकावा म्हणून.

पण शनिवारी सकाळी तिच्या आधी मॅनेजर राजवीर साहेब टेबलाशी हजर. "हेडफोन नको. आम्हालाही ऐकू दे." दारात हुबळीच्या ट्रकचा ड्रायव्हर गुंडू गेटपाससाठी उभा.

संयोगिताची बोटं धावू लागली. 'ट्रक नंबर. वजन. चित्र – संयोगिता, पुण्याला जाऊ नका असं एकदा म्हणा ना.'

विश्वजितला टेबलाखाली जागा दिसेना.

"म्हणा की ओ बाई!" गुंडू ओरडला. "माझी गाडी खोळंबलीया!"

"आधी तुझा गेटपास," ती म्हणाली. आवाज ठाम, गाल लाल. पावणेदोन मिनिटांत कागद बाहेर.

साहेबांनी मान डोलावली, मग चूक लक्षात येऊन मोठ्यानं म्हणाले, "टेबल तुझंच!"

तिनं विश्वजितचा कागद पुढं ओढला, सही केली. "पण एक दोष हाय. चित्राला भलतंच नाव पडलंय."

"आत्ता... आत्ता काढतो."

"काढायचं न्हाई." तिनं सही केलेला कागद त्याच्याकडे सरकवला. "हितंच राहून रोज बघायचं, वाचतंय का ते... जाऊ नका."

शेवटी कुणाला काय किंमत पडली? विश्वजितची पुण्याची खुर्ची गेली. साहेबांना टेलिफोनसाठी दुसरं माणूस शोधावं लागलं. संयोगिताचं गुपित दुपारपर्यंत एमआयडीसीभर झालं. आणि मिसळीचे पैसे? तेवढे गुंडू जाताना गेटवर ठेवून गेला होता. बारशाचा आहेर म्हणून.