दशमीचा डबा

या, अशा जवळ सरका. कीर्तनात बसतो तसं, गुडघ्याला गुडघा लावून. एक गोष्ट सांगते. गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगते, शब्द न् शब्द खरा आहे.

मे २०२१. नांदेडमधला एक कोविड वॉर्ड. मी सात नंबरच्या खाटेवर. आठ नंबरला कंधारच्या केवळाबाई. मध्ये हिरवा पडदा.

दोघींनाही शुगर. त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं, त्यांनी शुगर चारशेवर गेलेली. म्हणून जेवणाआधी इन्सुलिनची सुई.

ज्योत्स्ना सिस्टर रोज बजावायची, "मावशी, सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. नाहीतर शुगर एकदम खाली येते. माणूस झोपेतच जातं."

पण आम्ही दोघी नेमाच्या. कडक एकादशी करणारे दशमीला एकच वेळ जेवतात.

दशमीच्या संध्याकाळी केवळाबाईंनी सुई घेतली अन् डबा खाटेखाली सरकवला. माझी शुगर त्या वेळी उतरलेली, म्हणून मला सुई नव्हती.

"अक्का, सिस्टरला सांगू नगं बरं. लई वरडती ती."

"अन् काही झालं म्हणजे?"

"तेहतीस वर्सांचा नेम हाय. एका सुईपायी मोडू व्हय?"

त्या हसल्या. मीही हसले.

सांगितलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा पडदा ओढलेला होता. वाटलं, झोपल्या असतील.

दुपारी मीही सुई घेतली. एकादशी होती. डबा खाटेखाली.

जरा वेळानं हात कापायला लागले. दरदरून घाम. ऑक्सिजनच्या पाण्याची बुडबुड ऐकू येत होती...

ती थांबली.

पंखा फिरत होता. त्यालाही आवाज नव्हता.

मग पडद्यामागून... टाळी. कीर्तनातल्या लयीत. हळू... एकसारखी.

"केवळाबाई?"

टाळी थांबली.

"अक्का..." पडदा हलला नाही, पण आवाज माझ्या कानाशी होता. "सिस्टरला सांगितलंस का?"

बोटाच्या टोकाला काहीतरी गार टेकलं...

टोचलं.

"सांगितलंस का?"

होता नव्हता तो जीव गोळा करून मी ओरडले, "सिस्टर! मी जेवले नाही!"

ज्योत्स्ना धावत आली. शुगर तपासायला माझं बोट धरलं आणि थबकली. बोटावर रक्ताचा ताजा थेंब.

"हे कुणी टोचलं?"

तोच थेंब तिनं मशीनच्या पट्टीवर घेतला. बेचाळीस. घाईघाईनं तोंडात साखर घातली, शिरेतून ग्लुकोज सोडलं.

भानावर आल्यावर मी पडद्याकडे हात केला. "त्यांनाही बघ गं. काल रात्री त्याही जेवल्या नाहीत."

तिनं पडदा सारला. गादी गुंडाळलेली.

"मावशी, त्या पहाटेच गेल्या. झोपेत." मग माझ्याकडे बघत राहिली. "जेवल्या नव्हत्या? तुम्हाला ठाऊक होतं?"

मी मान हलवली.

माझा डबा काढायला ती वाकली. माझ्या खाटेखाली डबे दोन होते.

आता मी एकादशीलाही जेवते. देव समजून घेतो. पण दशमीच्या संध्याकाळी सुई घेतली की ते बोट गार पडतं... अन् कानाशी तोच प्रश्न.

म्हणून आज सगळ्यांना सांगितलं. कीर्तनात टाळी वाजवाल, तेव्हा कंधारच्या केवळाबाईंची आठवण ठेवा. माझ्यासाठी एवढं कराच.