सांगणाऱ्याची सही

बंडोपंत काकांच्या वह्या आणायला मी गोंदियाहून दुपारच्या बसनं बालाघाटला गेले. काम साधंच होतं. काका महिन्यापूर्वी वारले, मागे कुणी नाही, आणि वह्या त्यांनी माझ्या नावानं ठेवल्या होत्या.

काका गेलेल्या माणसांची चित्रं काढत. लालबर्रा, लांजीहून लोक तेरवीच्या आधी येत. फोटो दाखवला की काका उखडत. घरच्या एकाला समोर बसवायचं, बोलतं करायचं आणि वहीत टिपत जायचं, ही त्यांची रीत. पानाच्या माथ्यावर गेलेल्याचं नाव, तळाशी सांगणाऱ्याची सही. डोळे अगदी शेवटी. "सांगणाऱ्याला जे सांगायचं नसतं, ते कळल्याशिवाय मी डोळे काढत नाही," म्हणायचे.

माझे बाबा त्यांचे जिवलग मित्र. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून काका बोलवत होते. "ऋता, अर्धा तास येऊन बस." मी आज-उद्या करत राहिले. खरं सांगते, मला तिथं बसायचंच नव्हतं.

काकांचा स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंनी दार उघडलं. आत रंगाच्या तेलाचा कोंदट वास. भिंतीला बाबांचं चित्र टेकवलेलं होतं. पूर्ण. डोळ्यांसकट.

"हे कधी काढलं?"

"दिवाळीत. रोज दुपारी कोनासंग तरी बोलत बसत. मले आत येऊ देत नव्हते."

"कोण यायचं?"

"येतानी कोनीच दिसलं नाही, बाई... पन आवाज दोन असत."

मी वहीतलं बाबांचं पान काढलं. भात कालवताना गप्प. हसू आलं की आधी चष्मा पुसणार. आणि शेवटी, 'त्या दिवशी तीनदा फोन लावला. तिनं नाव पाहिलं, फोन पालथा ठेवला.'

बाबा गेले त्या दिवशी फोनचा आवाज बंद होता, कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. नवऱ्यालासुद्धा. तेव्हा खोलीत मी एकटीच होते.

"चुकले हो बाबा..." मी मोठ्यानं म्हणाले. चार वर्षं उशिरा.

पानाच्या तळाशी सही होती. बाबांचीच, उजवीकडे चढत जाणारी. तारीख गेल्या दिवाळीची. आणि तिच्याखाली काकांच्या अक्षरात, 'पुढची बैठक मुलगी आल्यावर. तिघं बसू.'