बाकीची गाणी

मे महिन्याची सुट्टी लागल्यावरच्या पहिल्या सोमवारी करुणाने आंब्याची आढी चाळली, डागाळलेले आंबे वेगळे काढले, हात धुतले आणि आप्पांचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू झाला, पण आतून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला. कुणी नखाने पत्र्यावर वाजवावं तसा.

साळवी स्टॉपवरच्या दुकानातल्या सर्वेशला तिने फोनवरच तो आवाज ऐकवला.

"ताई, डिस्क चाललीय," तो म्हणाला. "चार दिवस काढेल, नाहीतर आठ. मिऱ्याला समुद्रालगत घर तुमचं, खारी हवा, दुसरं काय होणार? आत काही महत्त्वाचं असेल तर आजच बाहेर काढा."

आत महत्त्वाचंच होतं. करुणाचे वडील रावजी, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. पस्तीस वर्षं दर रविवारी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते एसटीने गावोगाव जायचे आणि लोकांची गाणी उतरवून आणायचे. जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची भलरी, भजनं, जाखडी. निवृत्त झाल्यावर एकेक कॅसेट त्यांनी स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरली. प्रत्येक गावाचं एक फोल्डर. आंजर्ल्यापासून हातखंब्यापर्यंत सतरा गावं, दोन हजारांवर गाणी. त्यात आप्पांचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. गाणाऱ्या बाईसमोर माइक धरून बसलं की श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असं ते सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द उरला नाही. पण गाणी उरली. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं तो अख्खं भजन म्हणायचा, जरा ओढत, 'र' तेवढा घसरवत. असं होतं, डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाण्याची जागा वेगळी असते. करुणा हायस्कुलात विज्ञान शिकवायची; तिला ते पटलं. नाचणे गावातली भाड्याची खोली सोडून ती वडिलांकडे राहायला आली आणि बापलेकीने गाण्यांचीच भाषा केली. चहा हवा असला की आप्पा आंजर्ल्याच्या कोळणीचं होडीचं गाणं म्हणायचे. भूक लागली की फुणगूसची भलरी. संडासला जायचं असलं की पावसचं भजन. त्यावर करुणा आणि दिवसभर आप्पांना सांभाळणारी मथुरा पुष्कळ हसायच्या. आणि करुणाला हाक मारायची असली की हातखंब्याची एक ओवी, माहेरी येणाऱ्या लेकीची.

त्याआधी ते तिला 'बाय' म्हणायचे. रोज संध्याकाळी फोनवर पेपरातल्या बातम्यांवरून दोघांची भांडणं व्हायची. ओवी आली की ती धावत जायची, पण ते 'बाय' तिच्या कानातून गेलं नव्हतं.

सोमवारीच तिने सर्वेशकडून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. काळी, साबणाच्या वडीएवढी. एकदम सगळं ओढलं तर जुना कॉम्प्युटर अडकायचा, म्हणून तिने एकेक गाव घ्यायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत आंजर्ले, कोतवडे, खेडशी, गावखडी आणि चाफे अशी पाच गावं उतरली.

मंगळवारी सकाळी मथुरा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"ताई, आप्पानी आज चायला गाणं नाय म्हटलं."

"झोप झाली नसेल."

"तोंड उघडलं त्यांनी. पण आलंच नाय काय."

आप्पा पडवीत आपल्या खुर्चीत बसले होते. करुणाने त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ हलले. आपण खोलीत कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

तिने दुपारी त्यांना रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली, मेंदूचा फोटो झाला. नवीन काही दिसत नव्हतं. वयाप्रमाणे थोडं मागेपुढे व्हायचं, डॉक्टर म्हणाले. घरी येऊन आप्पा झोपले आणि करुणाने पुढची गावं लावली. जयगड, तुरळ, देवरूख. बुधवारी सकाळी नांदिवसे आणि पावस.

बुधवारी दुपारी आप्पांनी खुर्चीतच कपडे ओले केले. मथुरा पुसायला लागली तेव्हा ते डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते. पावसचं भजन आलं नव्हतं.

करुणा पडवीतून आत गेली, आतून पडवीत आली. तिला एका जागी बसवेना. काही सुचेना म्हणून तिने उतरलेली गाणी नीट वाजतात का ते बघायला घेतलं. हार्ड डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली, हेडफोन लावला आणि आंजर्ल्याची कोळीण काढली.

म्हातारीचा चिरका आवाज, मागे कोंबडी, लांबवर समुद्र. सगळं ओळखीचं. दुसऱ्या कडव्यापासून तिच्यामागे कुणीतरी बारीक आवाजात साथ धरली होती. पुरुषाचा आवाज. ओढत गाणारा. 'र' घसरवणारा.

करुणाने हेडफोन काढला, पुन्हा लावला. मग जुन्या कॉम्प्युटरवरचं तेच गाणं लावलं. तिथे म्हातारी एकटीच गात होती.

तिने मथुराला बोलावलं, काही न सांगता तिच्या कानाला हेडफोन लावला. मथुरा थोडा वेळ ऐकत राहिली.

"हे आपले आप्पा ना?"

"गाणं तीस वर्षांपूर्वीचं आहे, मथुरा. तेव्हा आप्पा असे गात नव्हते."

मथुराने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

दोन फाइली अक्षराला अक्षर जुळतात का ते सांगणारा एक प्रोग्राम करुणाकडे होता. तिने तो चालवला. दोन्ही गाणी तंतोतंत सारखी होती. एका बिंदूचाही फरक नाही. तिने तीनदा चालवला, तीनदा तेच उत्तर आलं.

गुरुवारी तिने प्रयोग केला. वर्गात मुलांना ती सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. जेवणाच्या वेळेला ती ताट घेऊन पडवीत गेली. फुणगूस अजून उतरलं नव्हतं. आप्पांनी भाताचा वास घेतला आणि भलरी सुरू केली. खड्या आवाजात, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. सगळी कडवी म्हटली. ताट तसंच ठेवून ती आत गेली आणि ते एकच गाणं हार्ड डिस्कवर घेतलं. नऊ सेकंद लागले.

ती बाहेर आली. "आप्पा, भलरी म्हणा."

आप्पांनी तिच्याकडे हसून पाहिलं. तोंड उघडलं. मांडीवरचा हात एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला, आणि हळूहळू थांबला. तो हात त्यांनी उचलून बघितला, जणू तो कशासाठी हलत होता ते त्यावर लिहिलेलं असावं.

करुणाने तिथेच जमिनीवर बसून त्यांना भरवलं. प्रत्येक घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जेवण झाल्यावर तिने ते गाणं उलट, हार्ड डिस्कवरून कॉम्प्युटरवर घेतलं. काही उपयोग झाला नाही. पुसून टाकायला तिचं बोट धजेना. पुसलं तर कुठलं पुसलं जाईल, कुणाला माहीत?

तिने कॉम्प्युटर बंद केला. जे राहिलंय ते राहू दे. डिस्क मेली तर मरू दे.

संध्याकाळी मुंबईहून भावाचा, केतनचा, फोन आला. "सगळं घेतलंस ना उतरवून? आप्पांचा जन्म गेलाय त्यात, करुणा. हयगय करू नकोस."

"घेते," ती म्हणाली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. आप्पांकडे आता थोडीच गाणी होती. तीच ते पाणी, भूक, झोप सगळ्यासाठी म्हणायचे, आणि कशासाठी म्हटलं ते करुणाला कळायचं नाही. ती चुकली की ते डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटायचे. दिवसातून कितीतरी वेळा हातखंब्याची ओवी यायची. ती जायची, समोर उभी राहायची, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहायचे.

रविवारी दुपारी मथुरा एका लग्नाला गेली. आप्पा पडवीत पेंगत होते. करुणाने लॅपटॉप उघडला. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं. काळी डिस्क जोडून तिने फुणगूसची भलरी लावली.

आता साथीचा आवाज मागे नव्हता. बायका मागे होत्या आणि तो पुढे होता. ओढत नव्हता. 'र' घसरत नव्हता. गाणं संपलं, बायका हसल्या, पडद्यावरचा आकडा तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांवर येऊन थांबला.

त्यानंतर कुणीतरी घसा साफ केला.

"बाय, जेवलंस काय गो?"

करुणाने पडद्याकडे पाहिलं. आकडा तिथेच होता. तीन बेचाळीस.

"आप्पा?" ती म्हणाली.

"उन्हाची बाहेर फिरू नको. आणि त्या केतनला सांग, सारखा फोन करून तुला घाई लावू नको म्हणावं." तो हसला. आप्पा हसायचे तसाच, आधी नाकातून. "आज पेपरात काय गो आलंय?"

तिने सांगितलं. काय सांगितलं ते तिलाही धड कळलं नाही. तो आवाज मध्येच तिला अडवत होता, तिचं खोडून काढत होता, ती चिडून उत्तर देत होती. दोन वर्षांनी. किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवरचं ऊन दारापर्यंत आलं होतं.

मग आवाज थांबला. आणि जरा हळू म्हणाला,

"बाकीची कधी आणतंस?"

करुणाने जुना कॉम्प्युटर सुरू केला. टक्‌टक्‌ आता सारखी चालू होती. तिने काळी डिस्क जोडली. फुणगूसचं राहिलेलं गेलं. मालगुंड गेलं. राई, वरवडे, शिपोशी.

मागे फरशीवर काठी वाजली.

आप्पा दारात उभे होते. झटक्यानंतर पडवीतून आतल्या खोलीपर्यंत ते कधी एकटे चालत आले नव्हते. ते टेबलाशी आले आणि डाव्या हाताने त्यांनी डिस्कची वायर धरली.

"आप्पा, सोडा."

त्यांनी मान हलवली. नाही. नाही.

त्यांची बोटं करुणाने एकेक करून सोडवली. अंगठा शेवटी. त्यांचा हात तिने हळूच त्यांच्या छातीशी ठेवला, लहान मुलाचा ठेवावा तसा.

साखरपा गेलं.

एकच गाव उरलं होतं. आप्पांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हातखंब्याची ओवी सुरू केली. मोठ्याने. शेजारच्या घरापर्यंत जाईल अशी. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. आप्पा ओवी संपवून पहिल्यापासून म्हणायला लागले, घाईघाईने, श्वास न घेता.

पट्टी भरली.

ओवी अर्ध्या ओळीवर तुटली.

कॉम्प्युटरमधून एक लांब घरघर आली आणि पडदा काळा झाला. करुणाने आप्पांना धरून पडवीत नेलं, खुर्चीत बसवलं, पाय पुसले, पाणी पाजलं. ते गप पाणी प्यायले. हनुवटीवर ओघळलेलं तिने टिपलं. त्यांची नजर समोरच्या माडावर होती, आणि माडाकडे बघून त्यांना काही वाटत होतं असं दिसत नव्हतं.

ती आत आली. काळी डिस्क लॅपटॉपला जोडून समोर बसली.

"आप्पा, आणली सगळी."

"हां. आता बरं वाटतंय." आवाज मोकळा, भरदार होता. खोलीत माणूस बसून बोलावा तसा. मग त्याने बाहेर कान दिला असावा.

"बाय," त्याने विचारलं, "पडवीत कोण गो बसलंय?"

करुणाने वळून दाराकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवरून एक पांढरं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही.

"कुणी नाही, आप्पा," ती म्हणाली. मग उठली आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार लोटून घेतलं.