समुद्रावरून दिसणारी भिंत

“भिंत कुणी रंगवू दिली?”

गाडीतून एक पाय खाली टाकताच कप्तानानं विचारलं, आणि दारात पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली त्याची बायको तिथंच थबकली. इस्पितळात सगळ्यांनी मिळून ही गोष्ट त्याच्यापासून दडवली होती. पण भिंत काय उशीखाली दडवता येते! ती समोर उभी होती... जमिनीपासून थेट छपरापर्यंत निळीशार, आणि तिच्यावर एक भलामोठा पिवळा मासा माणसासारखे दात काढून हसत होता.

कप्तानाचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता. मागे त्याची पिशवी घेऊन एकुलता एक लेक उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता.

“मी विचारतोय, कुणी?”

लेकाचे ओठ हलले.  आईनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि ती पुढे झाली.

“मी,” ती म्हणाली. “मी शहरात जायच्या आधी कंपनीची माणसं आली होती विचारायला. मी हो म्हटलं. सगळ्यांच्याच रंगवतायत, आपलीही बरी दिसेल, असं वाटलं मला...”

कप्तान तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर तिनं तो सुखानं सोसला असता! पण तिथं राग नव्हता, तिथं ओळखच नव्हती. पेला तिच्या हातात तसाच राहिला आणि तो तिच्या अंगावरून घरात निघून गेला.

त्या किनाऱ्यावर तिला सगळे ‘भिंतवाली’ म्हणत. लग्न होऊन आली त्या वर्षापासून मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी घराच्या समुद्राकडच्या भिंतीला चुना देण्याचं काम तिच्याकडे आलं, ते तिचंच झालं. किनाऱ्यासमोर पाण्यात खडकांची रांग होती आणि आत यायची वाट चिंचोळी. आत येणारी प्रत्येक बोट दुरून ही पांढरी भिंत शोधायची, ती मागच्या टेकडीच्या टोकाखाली नेमकी धरायची आणि नाकासमोर चालत यायची. फोनमध्ये नकाशे आले, तरी खडकांमधली ती वाट कुठल्या नकाशात नव्हती. ती या भिंतीत होती. भिंतवालीला शिडीची भारी भीती. दोन पायऱ्या चढली की डोळे गरगरत. म्हणून दरवर्षी कप्तान खाली उभा राहून शिडी घट्ट धरायचा आणि वर बघून चिडवायचा, “अगं, चुना भिंतीला दे, माझ्या डोक्याला नको!” त्यांच्या संसारात लाडाचे शब्द फार नव्हते. हेच काय ते लाड होते.

मग कंपनी आली. तिला इथे मोठा धक्का बांधायचा होता, मोठी जहाजं लावायची होती, आणि त्यासाठी किनाऱ्यावरची घरं हवी होती. माणसं गोड बोलणारी. त्यांनी दिवे लावले, बाकडी बसवली, मुलांना टोप्या वाटल्या आणि शिकलेल्या एका पोराला लोकांशी बोलण्यासाठी नोकरीवर घेतलं. तो भिंतवालीचा लेक. किनारा त्याला हसून ‘साहेब’ म्हणू लागला आणि हळूहळू त्या हसण्यातली माया कमी होत गेली.

कप्तान मात्र कशालाच बधला नाही. सगळ्यांसमोर त्यानं लेकाला बजावलं होतं, “तुझी नोकरी तुला लखलाभ. पण ज्या दिवशी या भिंतीला कंपनीचा हात लागेल, त्या दिवशी तू माझा कुणी नाहीस.” आणि कप्तान बोलला की बोलला, तो शब्द त्याला स्वतःलासुद्धा परत घेता येत नसे, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर सुनेचे दिवस भरत आले म्हणून ती शहरात लेकाच्या बिऱ्हाडी गेली. निघताना, नेहमीप्रमाणे, मागच्या खोपटातल्या पिंपात तिनं चुना भिजत घातला, वर पाणी ओतलं आणि झाकण दोरीनं बांधून टाकलं. नवा हंगाम जवळ आला होता. मुरलेला चुना भिंत घट्ट धरतो.

कप्तान समुद्रावर, ती शहरात, नातीचा जन्म झालेला... आणि नेमके तेव्हाच कंपनीचे बडे पाहुणे यायचे ठरले! किनारा कसा हसरा दिसला पाहिजे, असा वरून निरोप आला. सगळ्या घरांच्या भिंती निळ्या झाल्या, एक सोडून. “तुमच्या घरची माणसंच तुमचं ऐकत नाहीत, तर गाव काय ऐकणार?” मोठ्या साहेबांनी हसत विचारलं आणि धाकट्या साहेबानं, तिच्या लेकानं, मान खाली घालून हो म्हटलं. त्याला वाटलं, पाहुणे गेले की बाबा परतायच्या आत पुन्हा पांढरी करून टाकू. त्यात काय!

पण कप्तानाच्या इंजिनात बिघाड झाला, आणि तो ठरल्याच्या आधीच परत फिरला.

उजाडताना, अर्धवट उजेडात, टेकडीचं टोक धुक्यात बुडालेलं असताना, त्यानं डोळ्यांनी पांढरं शोधलं, आणि त्याला पांढरं सापडलं. पाहुण्यांसाठी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कंपनीनं पांढराशुभ्र तंबू उभारला होता. जन्मभर ज्या खुणेनं त्याला घरी आणलं, तिच्यावर विश्वास ठेवून कप्तानानं बोट तंबूवर धरली... आणि सरळ खडकांवर घातली. बोटीवरची माणसं पोहून वाचली. बोट फुटली, आणि बोट व खडक यांच्यामध्ये सापडलेला कप्तानाचा उजवा हात कायमचा निकामी झाला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात लेकानं आईच्या मांडीत तोंड खुपसून सगळं सांगितलं होतं. “आई, मला खरंच वाटलं नाही गं... एक भिंत ती! रंगानं काय फरक पडतो, असं वाटलं मला...”

आणि तेव्हा तिच्या अंतःकरणात लख्ख काहीतरी उजेडलं आणि तितकंच खोल काहीतरी तुटलं. लेकानं ती भिंत समुद्रावरून कधी पाहिलीच नव्हती! कशी पाहणार? लहानपणी बापाबरोबर बोटीवर जायचा हट्ट धरून तो रडायचा, तेव्हा त्याला कडेवर घेऊन घरात आणणारी तीच होती. ‘माझं पोर शिकेल, पाण्यात जाणार नाही,’ म्हणून नवऱ्याशी भांडणारी तीच होती. मग हा दोष एकट्या पोराचा कसा? म्हणून तिनं ‘मी’ म्हटलं. नवरा तिला टाकणार नव्हता. फार तर बोलणार नव्हता. लेकाला मात्र त्यानं टाकलंच असतं, आणि त्या तान्ह्या नातीला आजोबा राहिले नसते.

कप्तान खरोखरच बोलला नाही. ती ताट ठेवी, तो डाव्या हातानं सांडत-लवंडत जेवी. भरवायला गेली तर तोंड फिरवी. सदऱ्याची बटणं लावायला तो शेजाऱ्याला हाक मारी, तिला नाही. त्या बटणांचं तिला जितकं लागलं, तितकं कशाचंच लागलं नाही.

आणि किनाऱ्याच्या जिभेला तर हाडच नव्हतं. पाण्याच्या नळावर ती दिसली की बायका बाजूला सरत.

“इतकी वर्षं भिंतीला चुना लावला, शेवटी नवऱ्यालाच लावला!” शेजारीण एकदा मोठ्यानं म्हणाली, आणि नळावर हशा पिकला. भिंतवालीनं बादली उचलली. 

तिनं एकटीनंच भिंत खरवडायला घेतली. त्या तेलकट रंगावर चुना धरत नाही. हात फिरवला की पापुद्रे सुटून खाली येतात. म्हणून जुना सुरा घेऊन ती रोज खरवडत बसे. हात पोचला तिथवर भिंत उघडी झाली, माशाचं शेपूट गेलं, पोट गेलं... पण त्याचं हसरं तोंड वरच राहिलं. शिडी खोपटात होती. ती धरणारं कुणी नव्हतं.

लेक येई, खाली मान घालून बसे आणि निघून जाई. एकदा तो दारातच अडखळला. “आई, मी सांगू का बाबांना?”

“खबरदार,” ती म्हणाली. “मुलीला घेऊन येत जा. ते तिच्याशी तरी बोलतात.”

मग सभा झाली. कंपनीचे मोठे साहेब हात जोडून, अगदी गहिवरून बोलले. झालेला अपघात फार दुःखद. पण त्यावरून हेच दिसतं की हा किनारा धोक्याचा आहे. तुमच्याच सुरक्षिततेसाठी धक्का हवा, तुमच्यासाठीच टेकडीपलीकडे पक्की घरं बांधली आहेत! सगळे कप्तानाकडे बघत होते. तो ‘नाही’ म्हणाला असता तर आणखी चारजण म्हणाले असते. पण कशाच्या जोरावर म्हणणार? बोट नव्हती, हात नव्हता, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे घरातलं माणूससुद्धा त्याचं उरलं नव्हतं.

“घ्या,” तो म्हणाला. “सगळं घ्या.”

मागे बायकांत बसलेल्या भिंतवालीनं तोंडात पदराचा बोळा कोंबून हुंदका आवरला. खरं सांगितलं तर लेक जातो, नाही सांगितलं तर घर जातं... आणि घर तर आता गेलंच होतं!

सामान हलवायची सकाळ आली. ती भांडी बांधत होती. कप्तान मागच्या खोपटात जुनी जाळी बघायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. तिला काळजी वाटली. जाऊन बघते, तर तो पिंपासमोर उकिडवा बसलेला. दोरी सोडलेली, झाकण बाजूला, आणि डावा हात मनगटापर्यंत चुन्यात. तो बोटांनी चुना चोळून बघत होता. लोण्यासारखा मऊ.

“हा कधी भिजवलास?” आज कित्येक दिवसांनी त्यानं तिला काही विचारलं होतं.

तिनं दारात पडलेली जाळी गोळा करायला घेतली.

“हा महिन्याभरातला नाही. हात सांगतोय मला. तू शहरात जायच्या आधीचा आहे.” त्यानं बोटांवरचा चुना तिच्यासमोर धरला. “जिला भिंत निळी करायची होती, ती बाई एवढा पिंपभर चुना कशाला भिजवून जाईल गं?”

 ती तिथंच दाराला टेकून खाली बसली आणि इतके दिवस कोंडलेले अश्रू घळाघळा वाहू लागले.

“अहो, त्याला टाकू नका हो... त्यानं पाहिलीच नव्हती कधी पाण्यावरून! मीच जाऊ दिलं नाही त्याला...”

 चुन्यानं भरलेला हात कप्तानानं तिच्या डोक्यावर ठेवला.

तेवढ्यात सामानाची गाडी घेऊन लेक आला. आईच्या केसांतला चुना, उघडं पिंप, बापाचे डोळे... त्याला सांगावं लागलं नाही. तो बापाच्या पायांशी कोसळला. “बाबा, मी केलं! मी... तुमचा हात मी घेतला, बाबा!”

“तुझ्या आईची अब्रूसुद्धा घेतलीस,” कप्तान म्हणाला. “आणि मीही घेतली. ऊठ. शिडी आण.”

“बाबा... दुपारनंतर पाडणार आहेत ती भिंत.”

“माहीत आहे मला. शिडी आण.”

शिडी भिंतीला लागली. भिंतवाली कुंचा घेऊन पहिल्या पायरीवर चढली आणि सवयीनं खाली पाहिलं. कप्तानानं डाव्या हातानं एक बाजू धरली होती. दुसरी बाजू मोकळी होती.

“बघत काय उभा राहिलास?” तो लेकावर खेकसला. “मला एकच हात आहे. दुसरीकडून तू धर.”

लेकानं दोन्ही हातांनी शिडी धरली. ती चढली, माशाचं तोंड तिनं खरवडून टाकलं आणि मऊ, मुरलेला चुना फिरवत गेली. ज्या शेजारणीनं नळावर हशा पिकवला होता, ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. बराच वेळ बघून ती घरात गेली आणि खालच्या भागासाठी आपला कुंचा घेऊन आली. 

भिंत पांढरी झाली. तेव्हा कप्तानानं शेजाऱ्याची लहान होडी मागून घेतली आणि लेकाला म्हणाला, “चल.”

भिंतवाली भिंतीशी उभी राहिली. तिच्या मागे रस्त्यावर कंपनीचं यंत्र येऊन थांबलं होतं. चालवणारा खाली उतरून घड्याळ बघत होता. होडी लहान लहान होत खडकांपलीकडे गेली, थोडा वेळ तिथंच डोलत राहिली, मग वळली. आणि आली ती सरळ... जराही इकडे-तिकडे न होता! सुकाणूवर कोण होतं हे जवळ आल्यावर तिला दिसलं, आणि तिचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदा लेक समुद्रावरून घरी येत होता.

तो गुडघाभर पाण्यातूनच धावत आला आणि तिच्या गळ्यात पडला. “आई, तिथून दुसरं काहीच दिसत नाही गं! फक्त ही दिसते... फक्त ही!”

यंत्र सुरू झालं. जमीन हादरू लागली, तरी ती भिंतीपासून हलेना. मागून कप्तान आला. त्यानं डाव्या हातानं तिचा दंड धरला आणि हळूच तिला बाजूला ओढलं.

“इकडे ये,” तो म्हणाला. “चुना ओला आहे अजून. अंगाला लागेल.”