नटलेलं घर

घर विकायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत खूश झाले काका. "सुटलो बाबांनो! आता थोरल्याकडे आयता चहा, आयतं जेवण आणि सुनेची बोलणी, तीही आयती!"

थोरल्या पुतण्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगातून दिसत नाही ते नाहीच, असा त्याचा खाक्या. धाकटीच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, मात्र घर विकणं जिवावर आलं होतं. पण छप्पर गळकं, भिंतींना ओल. डागडुजी करणार कोण? भावंडांचे आई-वडील गेल्यापासून एकटे काका तिथे दिवस काढत होते.

गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून भावंडं दर रविवारी आवराआवरीला येऊ लागली. पहिल्याच खेपेला स्वयंपाकघराचं दार, जे लाथ घातल्याशिवाय हलत नसे, बोट लावताच उघडलं.

"लाकूड सुकलं असेल," थोरला म्हणाला.

पुढच्या खेपेला न्हाणीघरातली तडकलेली फरशी अखंड झालेली.

"गवंडी बोलावलात, काका?"

"छे रे! घर लग्नाला उभं राहिलंय. नटणारच!"

तिघंही खो खो हसली. थोरला हसत हसत फरशीवर नख फिरवत होता. सांधा काही लागेना.

मग ओल गेली. भिंतींना ताज्या चुन्याचा वास येऊ लागला. काका गुणगुणत जिना चढू लागले.

"कलप लावलात ना?" धाकटीने चिडवलं.

"या वयात? कुणासाठी गं?"

एका रविवारी ती खिडकीपाशी थबकली. दात येताना तिने त्या खिडकीचं लाकूड कुरतडलं होतं. घरात सगळे तिला त्यावरून 'वाळवी' म्हणत. आज लाकूड गुळगुळीत होतं.

"रंधा मारला असेल कुणी," थोरला म्हणाला, पण पुटपुटल्यासारखं.

परतताना ती म्हणाली, "दादा, आता मोडकं काही उरलंच नाही. मग विकायचं कशाला?"

थोरल्याने जरा विचार केला, आणि हसून तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन लावून नकार कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं आनंदाची बातमी द्यायला पोचली.

दार काकांनी उघडलं. केस काळेभोर.

"कोण हवंय आपल्याला?"

धाकटी खुदकन हसली. "पुरे हं नाटक, काका! घर विकत नाही आपण!"

काकाही हसले. अनोळखी माणसाच्या विनोदाला हसावं, तसे.

"घर चुकलात वाटतं. इथे आम्ही दोघे भाऊच असतो. दादा बाहेर गेलाय, येईलच इतक्यात. बसा ना, पाणी आणतो."

"आणि तुमच्या वहिनी? आमची आई?" धाकटीने कसंबसं विचारलं.

"अहो, दादाचं लग्न व्हायचंय अजून!"

ते आत गेले. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

थोरल्याने आधारासाठी दाराची चौकट धरली. लहानपणी याच दारात त्याचं बोट चेमटलं होतं. तेव्हापासून त्या बोटाचं नख वाकडंच उगवायचं.

त्याने बोट उजेडात धरलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

नख सरळ होतं.