दाराकडे तोंड केलेल्या खुर्च्या

शटर वर गेलं आणि सुदर्शनच्या हातातला नारळ खाली पडला. फुटला नाही, पायरीवरून गडगडत गटारीच्या कडेला जाऊन थांबला. कुशाबाईंनी तो उचलला, पदराने पुसला आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आरते," सुदर्शन बहिणीला म्हणाला, "आत बघ जरा."

आरती कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. आज भावाच्या गेम झोनचं उद्घाटन म्हणून तिने रजा टाकली होती. दोन हजार पाचचा जून. नारायणगावच्या कॉलेज रोडला पोरांनी गेम खेळायला यावं अशी एकही जागा नव्हती, आणि साडेनऊच्या मुहूर्तावर ती होणार होती.

ती आत गेली. वीज सहालाच गेलेली, नऊपर्यंत भारनियमन. उघड्या शटरमधून येईल तेवढाच उजेड. सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, सगळे जागच्या जागी. चोरीला काही गेलेलं दिसेना.

मग तिने वाकून टेबलांच्या मागे पाहिलं. एकही वायर धड नव्हती. विजेच्या, माऊसच्या, की-बोर्डच्या, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या, सगळ्या कापलेल्या. मॉनिटरच्या तर बुडापासून. त्या वायरी मॉनिटरमधूनच निघतात, नुसत्या बदलून भागत नाही. म्हणजे सहाही मॉनिटर पुण्याला न्यायचे.

कापलेले तुकडे मात्र जमिनीवर विखुरलेले नव्हते. गोळा करून कोपऱ्यात ढीग घातला होता. आणि सहाही खुर्च्या उलट्या फिरवून ठेवल्या होत्या. पाठ कॉम्प्युटरकडे, तोंड दाराकडे.

"काल तू अशाच ठेवल्या होत्यास का रे दादा?"

"अशा कशाला ठेवीन? खेळणारा काय दाराकडं बघत खेळंल?"

अर्ध्या तासात हवालदार गेणभाऊ आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण एकदा त्यांच्या डोक्यात काही बसलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे. त्यांनी आधी कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सकाळी सातच्या सुमाराला शटरचा आवाज ऐकला होता, पण त्याला वाटलं सुदर्शनच आला असेल.

"किल्ल्या किती?"

"तीन," सुदर्शन म्हणाला. "एक माझ्याकडं. घरी खुंटीला असती. एक जवरीलालशेठकडं, गाळा त्यांचा हाय. तिसरी जानकूकडं, फिटिंगच्या कामापुरती."

जानकू वायरमन मागेच उभा होता. पूजेला म्हणून धुतलेला शर्ट घालून आला होता. गेणभाऊंनी टेबलाखाली हात घातला आणि एक पकड बाहेर काढली. दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली.

"ही कुणाची?"

"माझी," जानकू म्हणाला. "काल हितंच ऱ्हायली व्हती."

"किल्ली तुझी, पकड तुझी, वायरीतलंबी तुलाच कळतं. भांडण झालं व्हतं काय सुदर्शनसंगं?"

"न्हाई साहेब. मी कशाला..."

तेवढ्यात नऊ वाजले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पंखा फिरू लागला, समोर रसवंतीचं चाक घरघरलं. या गाळ्यात मात्र दिवा लागला नाही. जानकू सवयीने धावला आणि दाराजवळचा बोर्ड उघडून उभा राहिला.

"मेन स्विच वरच हाय," तो म्हणाला. "पण किटकॅट न्हाई."

किटकॅट म्हणजे फ्यूजचं ते पांढरं चिनीमातीचं बूच. ते जागेवर नसलं की वीज पुढे जात नाही. त्याची खाच रिकामी होती. सगळ्यांनी शोधलं, कोपऱ्यातला ढीगसुद्धा उपसला. सापडलं नाही.

"तूच नेलं आसंल," गेणभाऊ म्हणाले, आणि जानकूला पुढे घालून बाजारातून चालवत चौकीवर घेऊन गेले. आठवड्याचा बाजार नव्हता हे त्यातल्या त्यात बरं. तरी लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघतच होते.

जानकूचं नाव वीज मंडळाच्या भरतीच्या यादीत लागलं होतं. आता फक्त पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला जोडायचा राहिला होता. गेल्याच आठवड्यात त्याने पेढे दिले होते. संध्याकाळपर्यंत गुन्हा नोंदवला गेला, तर दाखलाही गेला आणि नोकरीही.

तिने ढिगातला एक तुकडा उचलला. टोक तिरपं होतं, स्वच्छ, एका झटक्यात कापलेलं. दुसरा उचलला, तोही तसाच. मग तिने गेणभाऊ टेबलावरच विसरून गेलेल्या जानकूच्या पकडीने एक वायर कापून पाहिली. पकडीने वायर आधी चेपली, मग तुटली. टोक चपटं झालं.

पकड नव्हेच. मग काय?

जवरीलालशेठ कापडाच्या दुकानात गादीवर बसले होते. आरतीने आडवळण न घेता विचारलं.

"शेठ, गाळ्याची तुमची किल्ली कुठं आहे?"

"ही काय, कमरेला. रात्री उशीखाली असते." शेठ जरा दुखावले. "माझ्यावर संशय हाय का पोरी?"

"पिंटूला तो गाळा मोबाइलच्या दुकानाला हवा होता ना?"

"पायजे व्हता. पण मी सुदर्शनला शब्द दिला. शब्द दिल्यावर भाच्याचं काय ऐकायचं?" त्यांनी चष्मा काढला. "सकाळी सातला मी न् पिंटू देरासरात, आमच्या जैन मंदिरात व्हतो. पन्नास लोकांनी बघितलं. आन् वायरीचं म्हनशील तर, घरातला दिवा गेला तरी आमी जानकूलाच हाक मारतो. बोर्डाला हात लावायची आमच्यात कुणाची छाती न्हाई."

हे खरं होतं. गेल्या दिवाळीत याच दुकानात सगळे अंधारात जानकूची वाट बघत बसलेले तिने पाहिले होते.

चौकीत जानकू बाकावर बसला होता. धुतलेल्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती. गेणभाऊंनी दोन मिनिटं बोलायला दिलं, तेही उपकार केल्यासारखं.

"जानकूभाऊ, वायरीला हात लावायच्या आधी तुम्ही काय करता?"

"मेन स्विच पाडतो. टेस्टर लावतो."

"किटकॅट काढून ठेवत नाही?"

"मेन पाडल्यावर कशाला काढायचं, ताई? आन् त्यात सकाळी लाईटच नव्हती. ज्यानं केलं त्यानं मेन वरच ठिवला आन् किटकॅट तेवढं काढलं. ह्ये वायरमनचं काम न्हाई. आसं मळ्यातली मान्सं करत्यात, मोटारीवर."

आरतीला एकदम घरी जावंसं वाटलं, आणि घरी जाऊच नये असंही वाटलं.

घर वारूळवाडीत, गावाला लागूनच. घरी कुशाबाई ओट्यावर बसल्या होत्या. पूजेचं ताट तसंच झाकलेलं.

"आई, आबा का आले नाहीत गं सकाळी?"

"पाटं पाचलाच भाईर पडले की, साडेसातला कात्री ठेवाया आले आन् तसंच मळ्यात गेले. म्या नवा सदरा काढून ठिवला व्हता, त्यालाबी हात लावला न्हाई. ती मळकी कोपरीसुदिक धुवायला देईनात." कुशाबाईंनी सुस्कारा सोडला. "त्यांना न्हाई बघवत त्ये वायरीचं जाळं. चिमाजी भावजी मोटारीवर चिकटून गेले तवापासून विजेचं नाव काढलं तरी अंग काढून घेत्यात."

"दादाचा गेम झोन त्यांना आवडला नव्हता का?"

"बोलत्यात कुठं? तो पुण्याला इंजिनेरिंगला व्हता, तवा एकदा डबा घेऊन भेटाया गेले. सांजच्याला डबा तसाच घेऊन माघारी आले. म्हनले, भेट झाली न्हाई. तवापून त्याच्याइषयी एक सबूद काढत न्हाईत."

आरतीने ओसरीवरच्या खुंटीकडे पाहिलं. गाळ्याची किल्ली रात्रभर इथेच असायची, हात वर केला की कुणालाही मिळेल अशी. शेजारच्या खुंटीला द्राक्षाच्या छाटणीची कात्री लटकत होती. तिच्या पात्याला काळ्या प्लॅस्टिकचा बारीक कण चिकटला होता.

ती तिथेच खाली बसली. कण नखाने काढून टाकावा, कात्री धुवावी, गप्प बसावं. कोणाला कळणार होतं? दादाला नाही, आईला नाही, गेणभाऊंना तर जन्मात नाही. पण चौकीच्या बाकावर एक उसवलेला शर्ट बसला होता.

"आई, मळ्यात जा आणि आबांना म्हणावं चार वाजता गाळ्यावर या. जानकूला पोलिसांनी धरलंय, एवढंच सांग."

आबा येऊ नयेत, असं चार वाजेपर्यंत तिला वाटत राहिलं. ते पावणेचारलाच आले. अंगात तीच कोपरी.

गेणभाऊ जानकूला घेऊन आले. जवरीलालशेठ दारात उभे राहिले. खुर्च्यांना सकाळपासून कुणी हात लावला नव्हता, आणि कुणी त्यांवर बसलंही नाही.

"बोल पोरी," गेणभाऊ म्हणाले. "कोन हाय?"

आरतीने तिरप्या टोकाचा तुकडा आणि चपट्या टोकाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा चपटा मी जानकूच्या पकडीने कापलाय. बाकी सगळे तिरपे आहेत. छाटणीच्या कात्रीचे. आणि हा ढीग बघा. चोर मागे आवरत बसत नाही. बागायतदार छाटलेल्या काड्या गोळा करतो, त्याला ओळीत पसारा बघवत नाही."

"आगं, कात्री घरोघर हाय. निम्मा तालुका धरू का मी?"

"आता किटकॅट. सकाळी सहा ते नऊ वीज नव्हती. तरी त्या माणसाने किटकॅट काढलं. का? कारण गेलेली वीज कधी येईल याचा त्याला भरवसा नाही. मेन स्विच पाडला नाही, कारण पाडलेला स्विच दुसरा कोणीही वर करू शकतो. किटकॅट आपल्या खिशात असलं की जगात कोणाला वीज सोडता येत नाही." तिने बोर्डातल्या रिकाम्या खाचेकडे बोट केलं. "आमच्या सामाईक विहिरीवर चिमाजीकाका मोटार उघडून बसले होते. चुलतभावाला ते ठाऊक नव्हतं. त्याची पाळी होती, त्याने स्विच वर केला. त्या दिवसापासून आमच्या घरातलं एक माणूस किटकॅट खिशात टाकल्याशिवाय वायरीला बोट लावत नाही. आज काम झाल्यावर ते परत बसवायचं राहिलं, कारण विहिरीवरसुद्धा ते बसवत नाहीत. घरीच घेऊन येतात."

सुदर्शनने आधी बहिणीकडे पाहिलं, मग हळूहळू दाराशी उभ्या आबांकडे.

सयाजीआबांनी कोपरीच्या खिशात हात घातला. पांढरं बूच काढून त्यांनी जानकूच्या हातात दिलं.

"लेका, तुला धरलंय ह्ये मला दुपारीच कळलं," ते म्हणाले. "कळल्याबरूबर निघालो. माझं चुकलं."

गेणभाऊंनी घसा खाकरला. "म्हंजे घरातलंच परकरन. मग आमचं काय काम? जानकू, उद्याच्याला येऊन दाखला घिऊन जा."

"दाखला द्याल तुमी," जानकू म्हणाला. "पर सकाळी मला बाजारातनं चालवत न्येलं, त्ये समद्यांनी बघितलं. त्येचं काय करायचं, साहेब?"

गेणभाऊ टोपी सारखी करून पायरी उतरले. जानकूने किटकॅट खाचेत बसवलं. दिवा लागला. मग तो कुणाकडे न बघता निघून गेला. शेठनीही हळूच पाय काढला.

"का, आबा?" आरतीने विचारलं. "कोणी केलं ते मला कळलं. का केलं ते नाही कळलं. आणि खुर्च्या कशाला फिरवल्या?"

सयाजींनी एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"पुण्याला गेलो व्हतो. खोलीवरची पोरं म्हनली, तो कालिजात जातच न्हाई, कोपऱ्यावरच्या दुकानात आसतो. गेलो. आशीच जागा. आशाच खुर्च्या, समद्यांच्या पाठी दाराकडं. पाठीवरनं वळखला मी ह्येला. डबा घिऊन तासभर मागं हुबा व्हतो. ह्यानं एकदाबी मागं बघितलं न्हाई." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. "काल सांजच्याला हितं डोकावलो, तर पुन्यांदा त्याच खुर्च्या. म्हनलं, आता गावातल्या सहा सहा बापांनी आसं हुबं ऱ्हायचं का? वायरी कापल्या. मग वाटलं, खुर्च्या तरी सरळ कराव्या."

सुदर्शन खाली बसला. बसायला समोरची खुर्चीच होती आणि ती दाराकडे तोंड करून होती, त्यामुळे बापाकडे बघण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

"आबा, मग हाक मारायची व्हती की एक."

"मारली की," सयाजी म्हणाले. "तीनदा मारली."